‘बॉडीलाइन’ : पडद्यावरची आणि मैदानावरची

1984 साली ऑस्ट्रेलियातील टेन नेटवर्कने ‘बॉडीलाइन’ ही दूरचित्रवाणी मालिका दाखविली. तीत ह्यूगो वीव्हिंगने इंग्लंडचा कर्णधार जार्डिन रंगविला, तर गॅरी स्वीटने ब्रॅडमन. पडद्यावर नायक कोण नि खलनायक कोण, हे चटकन ठरून जाते. 1932-33 च्या मैदानावर मात्र ते इतके सोपे नव्हते, असे मला वाटते.

मुळात वाद कशाचा? 1930 साली इंग्लंडमध्ये ब्रॅडमनने पाच कसोटींत 974 धावा कुटल्या. त्याला आवरण्यासाठी मुंबईत जन्मलेल्या जार्डिनने एक डाव रचला. वेगवान गोलंदाजाने आखूड टप्प्याचा चेंडू फलंदाजाच्या अंगावर टाकायचा आणि लेगच्या बाजूस सहा-सात क्षेत्ररक्षकांचे कडे उभारायचे. बॅट घातली तर झेल, न घातली तर बरगडीवर मार! नियमांत हे बसत होते. लारवुडने 33 बळी घेतले, ब्रॅडमनची सरासरी 56.57 वर उतरली आणि इंग्लंडने 4-1 असा विजय मिळविला.

ॲडलेडचेच पाहा. वुडफुलच्या छातीवर चेंडू आदळला, ओल्डफील्डची कवटी फुटली. पण हे दोन्ही चेंडू पडले तेव्हा क्षेत्ररक्षण नेहमीचेच होते. ओल्डफील्डने तर लारवुडला दोष दिला नाही. मात्र वुडफुल सावरतो न सावरतो तोच जार्डिनने त्याच्याभोवती लेगचे कडे आवळले, आणि प्रेक्षक खवळले ते त्यामुळे.

याच संघात पतौडीचे नवाब इफ्तिखार अली खान होते. सिडनीच्या पहिल्याच कसोटीत त्यांनी 102 धावा काढल्या. पण लेगच्या त्या कड्यात उभे राहण्यास त्यांनी नकार दिला. दुसऱ्या कसोटीनंतर त्यांना वगळण्यात आले. त्यांचेच चिरंजीव मन्सूर अली खान पुढे आपल्या हैदराबादकडून खेळले आणि भारताचे कर्णधार असतानाही येथे जयसिंहांच्या हाताखाली आनंदाने उतरले.

पुढे नियम बदलले. आज लेगच्या बाजूस क्रीजमागे दोहोंहून अधिक क्षेत्ररक्षक ठेवता येत नाहीत. पतौडींनी नकार दिला तेव्हा मात्र नियम जार्डिनच्या बाजूने होता, कर्णधाराचा शब्द अखेरचा होता आणि स्वतःची जागा पणाला लागली होती. ही मालिका पाहणाऱ्या विद्यार्थिमित्रांनी ब्रॅडमन-जार्डिनच्या झुंजीइतकेच या नकाराकडेही लक्ष द्यावे.