उंदरांचा आकडा कोण ठरवतो?

जुलै महिना. कुंभार्ली घाटावरून उतरणारा पाऊस पोफळीत थांबायचे नाव घेत नाही. चिखलणी झालेली, लावणी जोरात. दिवसभर गुडघाभर चिखलात उभे राहून माणसे संध्याकाळी घरी येतात, आणि रात्री माळ्यावर खुडबुड सुरू होते. सकाळी तांदळाच्या पोत्याला भोक, कोपऱ्यात लेंड्या. मग कोणी पिंजरा काढतो, कोणी बाजारातून विषाची वडी आणतो. चार-पाच उंदीर मरतात, आठ-पंधरा दिवस शांतता राहते आणि दिवाळीपर्यंत माळा पुन्हा पूर्वीसारखा. ‘किती मारले तरी संपत नाहीत,’ हे वाक्य कोकणातल्या घराघरांत ऐकू येते.

ते संपत नाहीत याला कारण आहे. शिवाय प्रश्न फक्त पोत्याच्या भोकाचा नाही. रात्री माळ्यावर पळणारा उंदीर आणि सकाळी चिखलात उतरणारा अनवाणी पाय यांच्यामध्ये एक आजार उभा असतो. त्याचे नाव लेप्टोस्पायरोसिस.

आधी थोडे गणित पाहू. उंदराची मादी साधारण तीन आठवड्यांत विते. एका वेताला सहा ते दहा पिल्ले होतात आणि ती दोन-तीन महिन्यांत स्वतः वीण घालू लागतात. समजा, एका जोडीला तीन महिन्यांत एकच वेत झाले, आठ पिल्ले झाली, त्यांत निम्म्या माद्या, आणि एकही उंदीर मेला नाही. तीन महिन्यांनी दोनाचे दहा होतील. सहा महिन्यांनी पन्नास, नऊ महिन्यांनी अडीचशे आणि वर्षाअखेर 1,250. दुसऱ्या वर्षाच्या शेवटी हा आकडा 7 लाख 81 हजार 250 वर पोहोचेल. तोही एका जोडीपासून आणि एका घरात!

प्रत्यक्षात असे कधीच होत नाही. माळ्यावर वीस-पंचवीस उंदीर असतात, लाखो नसतात. कारण वाढीला मर्यादा आहे. खाणे ठरावीक, बिळाच्या जागा ठरावीक. संख्या वाढली की प्रत्येकाच्या वाट्याला कमी येते. मारामाऱ्या वाढतात, माद्या कमी वितात, पिल्ले जगत नाहीत, दुबळे उंदीर बाहेर हाकलले जातात. मोकळ्यावर राहणारे बहुतेक उंदीर वर्षभरही जगत नाहीत. सुरुवातीला झपाट्याने वाढणारी संख्या मग मंदावते आणि एका पातळीला येऊन टेकते. बेल्जियमचे गणिती पिएर व्हेर्हुल्स्ट यांनी 1838 मध्ये वाढीचे हे रूप समीकरणात मांडले. त्या पातळीला जीवशास्त्रात ‘धारणक्षमता’ म्हणतात, म्हणजे ती जागा किती जिवांना पोसू शकते तो आकडा.

विहिरीचे उदाहरण घेतले तर हे चटकन कळते. पंप लावून विहीर उपसली तर पाणी खाली जाते. पण झरे तसेच असतील तर दुसऱ्या दिवशी पाणी जुन्याच खुणेला येऊन थांबते. उंदीर मारणे म्हणजे विहीर उपसणे. उघडे धान्य, उकिरडा, माळ्यावरची अडगळ हे तिचे झरे. उलट, काही उंदीर मारल्यावर उरलेल्यांच्या वाट्याला जास्त खाणे येते. माद्या जोमाने वितात, पिल्ले अधिक जगतात आणि रिकामी झालेली जागा पाहून शेजारच्या वाडीतले उंदीरही येतात.

अमेरिकेतील बाल्टिमोर शहरात 1940 च्या दशकात डेव्हिड डेव्हिस, जॉन एम्लेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हेच मोजून पाहिले. काही वस्त्यांमधले बरेचसे उंदीर पकडून काढले. संख्या हळूहळू वाढत पुन्हा जवळपास पूर्वीच्या पातळीवर आली. जिथे कचरा उचलला गेला, घरांची भोके बुजवली आणि आसरे काढून टाकले, तिथे मात्र ती उतरली आणि खाली राहिली. उंदरांचा आकडा विष ठरवत नाही, माणसाची वस्ती ठरवते, हा त्या कामाचा धडा.

झरे अचानक मोकळे झाले तर काय होते, हे महाराष्ट्राने पाहिले आहे. 30 सप्टेंबर 1993 रोजी किल्लारीचा भूकंप झाला. मराठवाड्यात भीतीने अनेकांनी घरे सोडली. बीड जिल्ह्यातील मामला गावातही लोक घराबाहेर राहू लागले आणि धान्य मात्र घरातच राहिले. त्यावर उंदीर माजले, असे तज्ज्ञांनी नंतर मांडले. 1994 च्या ऑगस्टमध्ये तिथे पिसवांचा उपद्रव आणि गाठीच्या प्लेगचे रुग्ण दिसू लागले. कितीतरी वर्षे विसरलेला आजार पुन्हा बातम्यांत आला.

कोकणात उंदरांमागून येणारा आजार प्लेग नसून लेप्टो आहे. लेप्टोस्पायरा हे मळसूत्रासारखे वळलेले जंतू उंदराच्या मूत्रपिंडात राहतात. उंदीर आजारी पडत नाही, पण त्याच्या लघवीतून जंतू बाहेर पडत राहतात. गुरे, कुत्री, डुकरे यांच्याकडूनही ते येऊ शकतात. कोरड्या जमिनीवर हे जंतू लवकर मरतात. ओल्या मातीत आणि साचलेल्या पाण्यात मात्र अनेक दिवस, कधी अनेक आठवडे टिकतात. त्यांना आत शिरायला एक खरचटलेली जागा, टाचेची भेग किंवा चिखल्यांनी फुटलेली बोटांची बेचकी पुरते.

आता पोफळीकडे पाहा. वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस. भातखाचरे, त्यांच्या बांधांत उंदीर-घुशींची बिळे. घराशेजारी गोठा, त्यामागे शेणाचा खड्डा. नारळी-पोफळीच्या वाडीत पाटाचे पाणी आणि कायमचा ओलावा. उंदराला हवे ते सगळे इथे आहे आणि जंतूला हवे तेही. खाली वाशिष्ठीला पूर आला की धोका आणखी वाढतो. 22 जुलै 2021 च्या महापुरात चिपळूण बुडाले, तेव्हा बिळे पाण्याखाली गेली. अशा वेळी उंदीर उंच जागा शोधत घरात शिरतात. पूर ओसरल्यावर भिजलेल्या धान्याचे आणि कचऱ्याचे ढीग उरतात, म्हणजे उंदरांना मेजवानीच. 26 जुलै 2005 च्या पावसानंतर मुंबईत लेप्टोची साथ आली होती, ती याच वाटेने.

बाधा झाल्यापासून साधारण पाच ते चौदा दिवसांत थंडी वाजून ताप येतो. डोके आणि अंग दुखते. पोटऱ्या इतक्या दुखतात की हात लावू देववत नाही. डोळे लाल होतात, पण चिपडे येत नाहीत. हे सगळे डेंग्यू-मलेरियासारखे दिसते, म्हणून अंगावर काढले जाते. ‘लावणी संपली की दाखवू’ हे चार दिवस महागात पडतात. काही रुग्णांना कावीळ होते, लघवी कमी होते, फुप्फुसांत रक्तस्राव होऊन धाप लागते. मग डायलिसिसची, कधी कृत्रिम श्वासाची गरज पडते. सुरुवातीलाच डॉक्सिसायक्लिन किंवा पेनिसिलिन गटातील साधी, स्वस्त औषधे मिळाली तर बहुतेक रुग्ण बरे होतात. म्हणून पावसाळ्यात ताप आला की पहिल्या-दुसऱ्या दिवशीच जवळच्या सरकारी दवाखान्यात जावे आणि ‘शेतात, पाण्यात काम केले आहे’ हे न विचारता सांगावे. पुराच्या पाण्यात वावरलेल्यांना आरोग्य कर्मचारी प्रतिबंधक गोळी देतात. ती त्यांच्याच सल्ल्याने घ्यावी. गरोदर स्त्रिया आणि लहान मुलांनी डॉक्सिसायक्लिन स्वतःहून घेऊ नये.

चिखलात उतरताना गमबूट घालावेत. भाताच्या खाचरात ते रुततात, हे खरे. मग निदान जखमेवर पाणी न शिरणारी पट्टी लावावी आणि काम संपताच साबणाने पाय धुऊन कोरडे करावेत. गोठा साफ करताना आणि वाडीत शिंपताना मात्र बूट घालायला अडचण नाही.

झरे बुजवायचे तर धान्य झाकणाच्या पत्र्याच्या पिंपात ठेवावे. रात्री खरकटे आणि गुरांचे आंबोण उघडे ठेवू नये. पेंढ्याची उडवी घराला टेकून रचू नये. माळ्यावरची अडगळ काढावी, कौलाखालची आणि भिंतीतली भोके जाळीने किंवा सिमेंटने बुजवावीत. शेताचे बांध अरुंद आणि स्वच्छ ठेवले तर बिळांना जागा उरत नाही. धामण दिसली की काठी उचलायची सवय सोडावी. धामण बिनविषारी आहे आणि उंदरांवर जगते, घुबडेही तेच करतात. त्यांची वीण उंदरांइतकी वेगाने होत नाही, त्यामुळे एक धामण मारली की तिची जागा भरायला वेळ लागतो. माळ्यावरचे उंदीर कमी झाले तर त्यांच्या मागावर घरात येणारे नाग-घोणसही कमी होतात.

पिंजरा या सगळ्याच्या जोडीला लावावा, याऐवजी नाही. विषाबाबत मात्र सावध राहावे. पिवळ्या फॉस्फरसची पेस्ट लहान मुलाच्या पोटात गेली तर यकृत निकामी होऊ शकते आणि त्यावर खात्रीचा उतारा नाही.

शेवटची गोष्ट सर्वांत अवघड. एका घराने सगळे केले आणि शेजारचा उकिरडा तसाच राहिला, तर उंदीर कुंपण ओलांडून येतच राहतात. म्हणून हे काम वाडीने मिळून करायला हवे, तेही पावसाच्या आधी. होळीनंतर कौले चाळायला, घर शाकारायला माणसे जमतातच. त्याच दिवसांत माळे, गोठे आणि उकिरडेही पाहून घेतले, तर लावणीच्या चिखलात जंतू कमी असतील.