डावीकडचा ब्रेक

ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीत डाव्या सीटपुढे दोन जादा पेडल असतात, क्लच आणि ब्रेक. ॲक्सिलरेटर नसतो. शिकवणाऱ्याला गाडी थांबवता येते, पळवता येत नाही. कोथरूडच्या एका स्कूलमधले सर त्या सीटवर बसले की त्यांची उजवी टाच खाली टेकलेली असते आणि चवडा ब्रेकच्या वर, अधांतरी. शिकवणी संपेपर्यंत तो तसाच राहतो. माझी भाची त्यांच्याकडे शिकत होती आणि मी मागच्या सीटवर बसायची परवानगी मागून घेतली होती. रस्त्यावरच्या लोकांना शिव्या घालत रोज घरी पोचणारा मी. हा माणूस सकाळपासून संध्याकाळपर्यंत त्याच लोकांत नवशिक्यांना घेऊन फिरतो आणि तरी त्याचा आवाज चढत नाही, हे प्रकरण मला जवळून बघायचं होतं.

सुरुवातीचे दिवस डहाणूकर कॉलनीतल्या गल्ल्यांत गेले. हाफ क्लच, गचके, गाडी बंद, परत स्टार्टर. त्यात सांगण्यासारखं फार नाही. हात-पाय शहाणे व्हायला जेवढा वेळ लागतो तेवढा लागतो. खरी शिकवणी गाडी कर्वे रस्त्याला लागल्यावर सुरू झाली. तिथे सर गाडीबद्दल बोलायचेच बंद झाले आणि माणसांबद्दल बोलू लागले.

“ताई, रिक्षाचा इंडिकेटर बघू नका. पुढचं चाक बघा. ते वळलं की रिक्षा वळली.” टू-व्हीलरवाल्याचं डोकं मागे वळलं, की तो आत घुसणार. तो मागे न बघताही घुसू शकतो, म्हणून त्याचा खांदाही बघायचा. कडेला उभ्या गाडीत ड्रायव्हरच्या जागी डोकं दिसलं, तर दार उघडणार असं धरून चालायचं. पीएमपीची बस थांब्यावर उभी असेल तर तिच्या पुढून कोणीतरी रस्ता ओलांडणारच. लांबूनच बसच्या खालून पाय दिसतात का बघायचं. दुसरा चुकणार हे आधीच हिशेबात धरलं, तर तो चुकल्यावर चिडायला काही उरत नाही, असं सरांचं गणित. मला ते पूर्ण पटलेलं नाही. सगळा हिशेब नियम पाळणाऱ्यानेच ठेवायचा, हा कुठला न्याय? पण सरांचा चवडा ब्रेकवर दाबला गेलेला मी क्वचितच पाहिला, हेही खरं.

नळ स्टॉपला लाल दिवा लागला. भाची रेषेच्या अलीकडे, अगदी सरांनी शिकवल्याप्रमाणे थांबली. गाडी आणि झेब्रा क्रॉसिंग यांच्यातली मोकळी जागा दुचाक्यांनी बघता बघता भरली, मग क्रॉसिंगही भरलं. एक आजोबा त्या चाकांतून वाट काढत पलीकडे गेले. मागचा मोटारवाला हॉर्न वाजवू लागला, कारण त्याला लॉ कॉलेज रोडला डावीकडे वळायचं होतं. तशी पाटी असल्याशिवाय डावं वळणही लाल दिव्याला बांधलेलंच असतं, पण हे त्याला सांगणार कोण? दिव्याशेजारचे आकडे तीनवर आले आणि पुढची फळी निघाली. हिरवा लागला तेव्हा आम्ही निघालो, आणि निघताना गाडी बंद पडली. मग मात्र हॉर्नचा नुसता कल्लोळ. भाचीचे कान लाल. सर म्हणाले, “त्यांच्याकडे हॉर्न आहे, आपल्याकडे वेळ आहे. क्लच दाबा.”

सरांचा राग कुठे आहे ते मला उशिरा कळलं. पौड फाट्याकडे एक पांढरी मोटार दुभाजकाच्या चुकीच्या बाजूने, हेडलाइट लावून, जणू तिचाच रस्ता असल्यासारखी समोरून आली. सरांनी काच खाली केली नाही, काही बोलले नाहीत. ती गेल्यावर म्हणाले, “माझाच विद्यार्थी. रिव्हर्स फार सुंदर घ्यायचा.”

या एका वाक्यात आपल्या लायसन्सच्या व्यवस्थेचं सगळं दुखणं आहे, असं मला वाटतं. खासगी मोटारीच्या प्रशिक्षणात किमान १० तास प्रत्यक्ष गाडी चालवलेली असावी, असं केंद्रीय मोटार वाहन नियम सांगतात. परीक्षेत काय बघायचं याची यादीही त्याच नियमांत आहे आणि ती चांगली आहे: आरसा लावणं, इशारे देणं, चढावर थांबून पुन्हा निघणं, ओव्हरटेक, वळणाआधी योग्य जागा घेणं. पुण्यात चारचाकीची परीक्षा नाशिक फाट्याजवळच्या ट्रॅकवर होते. इंग्रजी आठ, चढ, रिव्हर्स. तिथे रिक्षा नाही, बस नाही, हॉर्न नाही, आजोबा नाहीत. उमेदवाराला यंत्र आवरतं का, एवढंच तिथे कळतं. समोर माणूस आल्यावर तो काय करतो, हे कोणी तपासलेलं नसतं. ते त्याला पुढे रस्ता शिकवतो, आणि रस्त्यावरचे गुरू म्हणजे आकडा तीनवर आला की निघणारे.

२०२२ साली देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं गेली. सरकारी अहवालानुसार त्यातले ७० टक्क्यांहून अधिक मृत्यू अतिवेगामुळे झाले. वेग वाढवता न येणं हा अपघातांचा प्रश्न नाही. आपल्या बहुतेक चालकांना गाडी ‘येते’.

भाची पास झाली. पुढची तुकडी सरांच्या गाडीत बसली आहे आणि ती तुम्हाला कुठल्या ना कुठल्या चौकात भेटेलच, मागच्या काचेवर लाल एल लावलेली. ती बंद पडली तर हॉर्न वाजवू नका. दहा सेकंद थांबा, आणि तुमच्या पुढच्या झेब्रा क्रॉसिंगवरून तेवढ्यात कोणाला जायचं असेल तर त्यालाही जाऊ द्या.