जुनी पिकअप घेताय? आधी खाली वाकून बघा

शेतकरी बंधूंनो, वणीहून टोमॅटो पिंपळगावच्या बाजारात न्यायला जुनी पिकअप घेताना नव्या रंगाला भुलू नका. गाडी उन्हात उभी करा. रंगात फरक, दरवाज्यांच्या फटी कमीजास्त, चेसीवर वेल्डिंग, टायर एकाच अंगाने झिजलेले, अशी गाडी अपघातातली असू शकते. वाकलेली चेसी भरल्या मालासकट घाटात दगा देते. ओळखीचा मिस्त्री सोबत न्याच. चेसी नंबर आरसी बुकाशी ताडून पाहा. विम्यात नो क्लेम बोनस शून्य असेल तर कारण विचारा. पटले तरच इसार द्या. 1988 च्या मोटार वाहन कायद्याप्रमाणे विमा नावावर करण्याचा अर्ज 14 दिवसांत, गाडीचा 30 दिवसांत करा.