फायटर माशांची पिल्लं कशी जगवावीत?

मुंबई-पुण्यात काचेच्या बरणीत फायटर मासा पाळलेला आपल्यापैकी बऱ्याच जणांना आठवत असेल. थायलंडचा हा बेटा मासा इथे अमेरिकेतही सहज मिळतो. मागच्या हिवाळ्यात मुलीच्या हट्टापायी आम्ही जोडी लावली. पिल्लं भरपूर झाली, पण दहा दिवसांत एकही उरलं नाही. चूक आमचीच होती. दुसऱ्या खेपेला जे जमलं, ते इथे सांगते.

नर पाण्यावर बुडबुड्यांचं घरटं करतो. मादीने अंडी घातली की तिला लगेच बाहेर काढावं, नाहीतर नर तिला मारतो. अंडी एक-दोन दिवसांत फुटतात. पुढचे दोन-तीन दिवस पिल्लं घरट्याखाली लटकून असतात आणि पोटातल्या बलकावर जगतात. पडलेलं पिल्लू बाप तोंडात धरून परत वर ठेवतो! पिल्लं आडवी पोहू लागली की नरालाही हलवावं, कारण तो ती खाऊ शकतो.

आता खाणं. तोंड इतकं बारीक की नेहमीचे दाणे चालत नाहीत. आधी पाण्यातले सूक्ष्मजीव किंवा व्हिनेगर ईल आणि काही दिवसांनी ताजे फुटलेले ब्राइन श्रिंप द्यावेत. पोट नारिंगी दिसलं की जेवण झालं समजा! उकडलेल्या अंड्याचा बलक मात्र पाणी नासवतो. आमची पहिली चूक तीच.

दुसरी चूक पाण्याची. भारतात आपण पाणी रात्रभर बादलीत ठेवायचो, क्लोरीन उडून जायचं. इथे बऱ्याच शहरांत नळाच्या पाण्यात क्लोरामीन असतं. ते ठेवून जात नाही, त्यासाठी औषधच घालावं लागतं. पाणी रोज थोडंच बदलावं, बारीक नळीने पांढऱ्या भांड्यात काढावं, म्हणजे ओढली गेलेली पिल्लं दिसतात. नवं पाणी तितकंच कोमट हवं आणि थेंबथेंब सोडावं. फिल्टर स्पंजचा, अगदी मंद हवेचा.

तिसरी गोष्ट झाकण. बेटा पाण्यावर येऊन हवा घेतो. त्यासाठीचा अवयव पिल्लांत साधारण तीन ते सहा आठवड्यांत तयार होतो. तेव्हा वरची हवा गार, कोरडी असली तर पिल्लं दगावतात. हीटर ८० ते ८२ फॅरनहाइटवर ठेवावा आणि टाकी झाकलेली असावी.

अंगावर सोनेरी धूळ बसल्यासारखी दिसली, तर तो व्हेल्व्हेट रोग. तो झपाट्याने पसरतो, लगेच उपचार करावेत.

आणखी एक. एका खेपेला शंभरावर पिल्लं होऊ शकतात आणि दोन-तीन महिन्यांत नर भांडू लागतात. मग प्रत्येकाला वेगळं घर लागतं. तेव्हा पिल्लं कोण घेणार, हे आधी ठरवा. तळ्यात मात्र कधीही सोडू नका.

आमची या खेपेला बावीस जगली. मुलीने प्रत्येकाला नाव ठेवलंय. आता बरण्या कमी पडताहेत, कुणाकडे लोणच्याच्या रिकाम्या बरण्या असतील तर जरूर कळवा!