अवटु ग्रंथीतील गाठी, आत्मप्रतिरक्षा रोगांतील

शरीराची प्रतिरक्षा यंत्रणा स्वतःच्याच अवटु ग्रंथीविरुद्ध, म्हणजे थायरॉइडविरुद्ध, कार्य करू लागल्यास हाशिमोटो रोग किंवा ग्रेव्ह्झ रोग उद्‌भवतो. अशा ग्रंथीतील गाठींची परीक्षा विशेष अवघड असते. कारण रोगग्रस्त ऊतकच (समान कोशिकांचा समूहच) गाठीचा आभास निर्माण करते.

हाकारू हाशिमोटो या जपानी शल्यचिकित्सकांनी १९१२ मध्ये चार स्त्रियांच्या ग्रंथींचे वर्णन केले. त्यांत लसीका कोशिकांचा (एक प्रकारच्या पांढऱ्या पेशींचा) दाट शिरकाव व तंतूंची वाढ आढळली. रुग्णांच्या रक्तात ग्रंथीच्याच प्रथिनाविरुद्ध प्रतिपिंडे असतात, हे १९५६ मध्ये सिद्ध झाले. मात्र प्रतिपिंडांवरून ग्रंथीचा रोग कळतो, गाठीचे स्वरूप नव्हे. ती सापडली म्हणून गाठ निरुपद्रवी समजणे धोक्याचे असते.

हाशिमोटो रोगातील शोथ (दाहयुक्त सूज) सर्वत्र सारखा नसतो. त्यामुळे ग्रंथी हाताला खडबडीत लागते व सोनोग्राफीत काही मिमी. व्यासाचे काळसर ठिपके दिसतात. खरी गाठ परस्परांशी काटकोन करणाऱ्या दोन्ही छेदांत टिकून राहते. आभासी गाठ एका छेदात दिसून दुसऱ्यात विरून जाते. गाठ खरी ठरल्यास अनियमित कडा, रुंदीपेक्षा अधिक उंची व कॅल्शियमाचे सूक्ष्म कण ही संशयास्पद लक्षणे पाहतात. ती असून आकार १ सेंमी. वा अधिक असल्यास सामान्यतः बारीक सुईने कोशिका काढून तपासतात. ग्रेव्ह्झ रोगात आयोडीन न शोषणाऱ्या, म्हणजे ‘थंड’, गाठीलाही हेच निकष लागू पडतात.

सुईपरीक्षेतही फसगत संभवते. शोथामुळे कोशिकांची केंद्रके मोठी व विरूप होऊन अंकुरकी कर्करोगासारखी भासतात. अहवाल अनिश्चित आल्यास पुन्हा सुईपरीक्षा, जनुकीय चाचणी किंवा देखरेख असे पर्याय असतात. घाईने संपूर्ण ग्रंथी काढल्यास आजन्म हॉर्मोन घ्यावे लागते. स्वरतंत्रिकेस इजा होण्याचीही भीती असते.

याउलट लसीकार्बुद हा विरळा कर्करोग बहुधा हाशिमोटो रोगाच्या ग्रंथीतच उद्‌भवतो. वृद्ध रुग्णाची ग्रंथी काही आठवड्यांत झपाट्याने वाढून आवाज बसला वा गिळणे कठीण झाले, तर त्याची शंका घ्यावी. लसीका कोशिका दोन्ही रोगांत असल्याने बारीक सुईची परीक्षा पुष्कळदा अपुरी पडते. जाड सुईने ऊतकाचा तुकडा काढावा लागतो. निदान निश्चित झाल्यास उपचार मुख्यतः औषधे व किरणोपचार यांनी होतात आणि ग्रंथी काढून टाकण्याची मोठी शस्त्रक्रिया बहुधा टळते.