मालधक्क्यावरची वाघीण, 87 पटींनी लहान

छोट्या आगगाड्यांचा नाद लागलेला माणूस सुरुवात करतो इंजिनापासून आणि खरा गुंततो तो मालगाडीच्या डब्यांत. कारण प्रत्येक वाघिणीचं काम वेगळं आणि त्यामुळे घडणही वेगळी. परभणीच्या मालधक्क्यावर खताचा रेक लागतो तो छप्पर असलेल्या बीसीएन वाघिणींचा. कोळसा वाहते ती वरून उघडी बॉक्सएन, आणि पेट्रोल-डिझेलसाठी बीटीपीएनच्या आडव्या टाक्या. शेवटचा एन सांगतो की ब्रेक हवेच्या दाबावर चालतो.

बॉक्सएन जवळून बघावी. पत्र्यावर पांढऱ्या रंगात 11 आकडी क्रमांक असतो: पहिले दोन आकडे प्रकाराचे, पुढचे दोन मालक रेल्वेचे, त्यापुढचे दोन बांधणीच्या वर्षाचे, मग चार अनुक्रमाचे, आणि शेवटचा आकडा आधीचे दहा बरोबर आहेत की नाही हे तपासण्यासाठी. शेजारी कारखान्यातल्या मोठ्या दुरुस्तीची तारीख. कोळशाच्या धुळीने आणि गंजाने काळवंडलेला तो पत्रा हुबेहूब रंगवता येणं ही या छंदातली मोठी कारागिरी आहे.

छंदात सर्वांत रुळलेलं माप एचओ, म्हणजे 87 पटींनी लहान. 10.713 मीटर लांबीची बॉक्सएन या मापात साधारण 12.3 सेंटीमीटरची होते. वजनाचा हिशेब मात्र तिन्ही बाजूंनी घटतो. रिकाम्या खऱ्या वाघिणीचं वजन 22.47 टन, त्याच प्रमाणात मॉडेल भरेल जेमतेम 34 ग्रॅम. एवढी हलकी वाघीण लांब गाडीत वळणावर रुळावरून उतरते. अमेरिकेतल्या नॅशनल मॉडेल रेलरोड असोसिएशनच्या सूत्राने तिचं वजन 90 ग्रॅमच्या आसपास हवं. म्हणून तळाशी शिशाची पट्टी चिकटवतात. रिकामी दिसणारी वाघीणही आतून भारलेली असते ती अशी.

रुळांचा प्रश्न याहून अवघड. एचओचे रूळ 16.5 मिलिमीटर अंतराचे, कारण ते युरोप-अमेरिकेतल्या 1435 मिलिमीटरच्या गेजवरून आले. आपलं ब्रॉडगेज 1676 मिलिमीटरचं, म्हणजे या मापात 19.3. तरी सोय म्हणून भारतीय वाघिणीही 16.5 वरच चालवतात. मला ते खटकतं. समोरून पाहिलं की चाकं आत ओढल्यासारखी दिसतात. पण तयार रूळ, सांधे आणि इंजिनं त्याच मापात मिळतात, तेव्हा नवख्याला दोष देता येत नाही. पुण्यात कोथरूडला भाऊसाहेब जोशींचं छोट्या रेल्वेचं संग्रहालय 1 एप्रिल 1998 पासून खुलं आहे. एचओ मापाच्या गाड्या सिग्नल पाळत धावताना बघायच्या तर तिथे जावं.

परभणीकरांसाठी खरं आव्हान मात्र मीटरगेजचं. निजामाच्या काळात टाकलेली मनमाड–सिकंदराबाद लाइन मीटरगेज होती. सेलू, मानवत रोड, परभणी, पूर्णा ही सगळी स्टेशनं तिच्यावरची. इथला कापूस मुंबईकडे निघाला की मनमाडला मीटरगेजच्या डब्यातून उतरवून ब्रॉडगेजच्या डब्यात भरावा लागे, आणि ते सगळं हमालांच्या पाठीवर. गेल्या शतकाच्या शेवटच्या दशकात या पट्ट्यात रुंदीकरण झालं आणि मीटरगेजच्या वाघिणी इथून गेल्या. एचओ मापात मीटरगेजसाठी 12 मिलिमीटरचे रूळ मिळतात, पण वर चालवायची चार चाकी बंद वाघीण पत्रा कापून स्वतःच घडवावी लागते. त्यासाठी दाराची रुंदी, कडीची जागा, छपराचा बाक हवा. जुने फोटो आणि त्या काळी मालधक्क्यावर राबलेली म्हातारी माणसं हे ज्याला गाठता येईल, त्याचीच वाघीण बरोबर उतरेल.