चेन्नईची शर्यत आणि जानेवारीची हवा

पुण्या-नाशिकचा धावपटू चेन्नईच्या मॅरेथॉनला नाव नोंदवण्याआधी जानेवारीचं सरासरी तापमान बघतो. किमान २१ अंशांच्या आसपास, कमाल ३० च्या आतबाहेर. ‘ठीक आहे की!’ म्हणतो आणि पैसे भरतो. पण कमाल तापमान दुपारचं असतं आणि शर्यत सुटते अंधारात. सावकाश पळणाऱ्याला मात्र सूर्य गाठतोच. म्हणून आपले शेवटचे दहा किलोमीटर किती वाजता येतील, ते मोजून त्या तासाची हवा पाहावी.

त्याहून महत्त्वाचा आकडा दवबिंदूचा. हवा किती अंशांपर्यंत निवली की तिच्यातल्या बाष्पाचं दव होईल, ते तो सांगतो. टक्क्यांतली आर्द्रता इथे फसवते. पुण्यात १२ अंशांना ९० टक्के असेल, तर दवबिंदू साधारण १० येतो; चेन्नईत २२ अंशांना ८५ टक्के असेल, तर १९ च्या वर. टक्के कमी, पण बाष्प जवळजवळ दुप्पट. अशा हवेत घाम वाळत नाही, नुसता ओघळतो. आणि न वाळलेला घाम शरीर थंड करत नाही.

मग जानेवारीच का? आपल्याकडचा पाऊस परतला की चेन्नईचा खरा पावसाळा सुरू होतो: ऑक्टोबर ते डिसेंबर, ईशान्य मोसमी वाऱ्यांचा. डिसेंबरची सरासरी पाहून तर काहीच कळत नाही. एखादा डिसेंबर कोरडा जातो. २०१५ च्या डिसेंबरारंभी तांबरमला एका दिवसात सुमारे ४९० मिलिमीटर पाऊस कोसळला, २०१६ मध्ये १२ तारखेला ‘वरदा’ वादळ धडकलं, २०२३ मध्ये ‘मिचाँग’नं शहर बुडवलं. म्हणून एका सरासरीवर न थांबता दहा-पंधरा वर्षांचे त्याच आठवड्याचे आकडे काढावेत. हवामान खात्याची शहरात दोन जुनी केंद्रं आहेत. समुद्राकाठच्या मार्गासाठी विमानतळाजवळच्या मीनंबाक्कमपेक्षा नुंगंबाक्कमचे आकडे जवळचे. मे महिन्याचा विचारच नको. उकाडा कमी करणारे खारे वारे येतात ते बहुधा दुपारकडे, तोवर शर्यत आटोपलेली असते.

एक अडचण उरतेच. डिसेंबरभर पुण्याच्या गारठ्यात सराव केलेल्या शरीराची उकाड्याची सवय मोडलेली असते, आणि ती पुन्हा लागायला दहा-चौदा दिवस लागतात. शेवटच्या पंधरवड्यात काही धावा सकाळी दहानंतर, अंगात जादा टी-शर्ट घालून कराव्यात, पाणी जवळ ठेवून. आणि पुण्यातली वेळ चेन्नईत लागेल, असं कुणाला आधीच सांगून ठेवू नये.